नाव लिहायच्या आधी

“मोठ्यानं. पारावर बसलेल्या म्हातारीलासुद्धा ऐकू गेलं पाहिजे,” भोईटे बाई म्हणाल्या आणि खडूनं भरलेल्या हातानंच त्यांनी माझी हनुवटी वर केली.

मी परत सुरू केलं. “आजचे आपले ध्वजारोहक, भारतीय सेनेचे जवान, आमच्या कळंबखिंडीचे सुपुत्र आणि माझे मोठे बंधू श्री. रणधीर मारुती फडतरे हे डोळ्यांत तेल घालून...”

“घालून?”

“घालून...”

त्या तेलाच्या पुढं माझी गाडी काही जाईना. बाईंना वाटलं मी लाजतेय. त्यांचंही चूक नव्हतं. तेव्हा मी आठवीत होते आणि हजेरी देताना माझा ‘हजर’ बाकाखाली पडायचा. आता मी अकरावीत आहे, वक्तृत्वाच्या ढाली घरात इतक्या झाल्यात की आई त्यांना टेकवून लोणच्याच्या बरण्या ठेवते, आणि मला गप्प बसवायला माणसं लागतात. पण त्या दिवशी मी लाजत नव्हते. दादा सीमेवर नाही, हे मला माहीत होतं. तो कराडला होता. कॉलेजात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, वनस्पतीशास्त्र घेऊन. साऱ्या गावात हे एकट्या मला ठाऊक होतं, तेसुद्धा फक्त आठ दिवसांपासून. आणि परवा, सव्वीस जानेवारीला सकाळी आठ वाजता, मला माईकवरून अख्ख्या गावाला ते तेल पाजायचं होतं.

आमची कळंबखिंडी म्हणजे फौजींचं गाव. वेशीत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याचा भला मोठा हिरवा बोर्ड आहे, पांढऱ्या अक्षरांत नावं लिहिलेला. तीन रकाने. सेवेत, सेवानिवृत्त आणि शहीद. माणूस पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात जातो, नाहीतर तिसऱ्यात. रिवाज असा की कसम परेड झाल्याशिवाय, म्हणजे ट्रेनिंग पुरं करून शपथ घेतल्याशिवाय, कुणाचं नाव बोर्डावर चढत नाही.

आमच्या अण्णांचं नाव तिथं कधीच चढलं नाही. तरुणपणी भरतीला गेले तेव्हा छाती अर्धा इंच कमी भरली. तो अर्धा इंच त्यांनी दादाकडून वसूल केला. दादा सातवीत असल्यापासून रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळायचा आणि मागून अण्णा मोटरसायकल घेऊन. दमला, चालायला लागला की हॉर्न. दादा पळायचा मुकाट्यानं, पण येताना मुठीत काहीतरी उपटून आणायचा. गवत. हे पवन्या, हे कुसळी, हे मारवेल, असं मला दाखवायचा. मला सगळं सारखंच हिरवं दिसायचं. अण्णा म्हणायचे, “गवत गुरं ओळखत्यात. तू छाती फुगव.”

बारावी झाली, दादा भरतीला गेला आणि पहिल्या झटक्यात निवडला गेला. अण्णा गावची दूध डेअरी बघतात, म्हणजे दोन्ही वेळ सारं गाव किटल्या घेऊन त्यांच्यासमोर उभं असतं. त्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या किटलीत पेढा टाकला. दूध घेऊन आलेल्यांच्याच किटलीत. लोक अजून हसतात.

मग दिवाळीत लाला पेंटर आला. तो वर्षातून एकदाच येतो, बोर्ड रंगवून देतो आणि निघतो. दादाचं ट्रेनिंग तेव्हा निम्म्यात होतं. अण्णा त्याला म्हणाले, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, तू काय वर्षभर परत यायचा नाहीस, टाकून दे नाव. लालानं टाकलं. ‘सेवेत’च्या रकान्यात, सगळ्यात खाली. अण्णांनी त्याचा फोटो दादाला पाठवला.

तो फोटो पोचला तेव्हा दादा मिलिटरीच्या दवाखान्यात पडून होता. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. बरी झाली, पळायला लागला, परत गेली. तिसऱ्यांदा डॉक्टरांचं मंडळ बसलं आणि त्यांनी त्याला घरी पाठवलं. घरी म्हणजे कुठं? वेशीवर नाव होतं. अर्ध्यातून परत आलेल्याला त्या बोर्डावर रकानाच नव्हता.

तो कराडला उतरला. सकाळी एका रोपवाटिकेत काम आणि दुपारी कॉलेज असं त्यानं लावून घेतलं आणि फोनवर सांगत राहिला, कसम परेडला यंदा घरच्यांना बोलवत नाहीत, पोस्टिंग लांब आहे, रेंज नसते. कराड आमच्यापासून एसटीनं सव्वा तासावर आहे.

हे सगळं मला कळलं ते ट्रंकेमुळं. आईनं हट्टच धरला म्हणून दादा त्या संक्रांतीला ‘रजेवर’ आला. सोबत काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. तिसऱ्या दिवशी तो बाहेर गेलेला, नि मला त्याची फौजी टोपी घालून आरशात बघायची भारी हौस. उघडली. टोपी नव्हती. वर्दी नव्हती. वर्तमानपत्रांची चळत होती आणि प्रत्येक घडीत एक एक वाळलेलं गवत, मुळापासून तुऱ्यापर्यंत, पांढऱ्या दोऱ्यानं कागदावर टाचलेलं. खाली नाव, जागा, तारीख.

दादा दारात कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नाही.

“घाबरतेस काय,” तो म्हणाला. “गवत आहे.”

मग त्यानं दार लोटलं आणि ट्रंकेवर बसून सगळं सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच माणसाचं सांगावं तसं. परीक्षा झाली की मे महिन्यात अण्णांना स्वतः सांगणार होता. मी तोंड उघडलं तर तो परत या घरात पाय ठेवू शकणार नाही, असंही म्हणाला. मी गळ्याची शपथ घेतली. आणि त्याच संध्याकाळी सरपंच पेढे घेऊन आले.

आमच्याकडं सव्वीस जानेवारीला रजेवर आलेला जवान झेंडा फडकावतो. कुणीच रजेवर नसेल तर सरपंच. दादानं आल्या आल्या स्वतःच सांगून ठेवलं होतं, रजा अठ्ठावीसपर्यंत आहे. आता निघायलाही वाव नव्हता. मी त्याच्याकडं बघत होते. त्यानं पेढा तोंडात घातला आणि बराच वेळ नुसता तोंडातच धरून ठेवला.

त्यानं एकच फट शोधली. म्हणाला, वर्दी युनिटमध्ये ठेवून आलोय, साध्या कपड्यांत कसं जमायचं, सरपंचांनीच फडकवावा. अण्णा हसले. दुसऱ्या दिवशी डेअरी दुसऱ्यावर सोपवून साताऱ्याला गेले आणि वर्दी शिवणाऱ्या शिंप्याकडं दादाचं माप टाकून आले. नावाच्या पट्टीसकट.

पंचवीस तारखेला संध्याकाळी ती वर्दी घरात आली. आईनं देवापुढं ठेवली, हळदकुंकू लावलं. दादानं घातली. काय सांगू, इतका देखणा दिसत होता. अण्णा त्याच्याभोवती फिरून बघत होते. मग त्यांनी खिशातून शिंप्याची टेप काढली आणि दादाच्या छातीभोवती गुंडाळली. आकडा बघितला, कुणाला सांगितला नाही, टेप परत खिशात ठेवली. डोळे पुसायला ते गोठ्यात गेले हे मला दिसलं.

तेवढ्यात सुभेदार तात्या आले. निकमांचे तात्या अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आलेले, गावात कुणाचं लग्नसुद्धा त्यांच्या ‘सावधान’शिवाय लागत नाही. उद्याची कवायत त्यांच्याकडंच होती. त्यांनी दादाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याचा पट्टा बोटभर सरळ केला.

“कसम कशावर घेतलीस?”

“गीतेवर, तात्या.” दादाची मान खाली होती.

“हूं,” तात्या म्हणाले. आईनं पुढं केलेला चहा न घेताच उठले. “उद्या आठला.”

ते गेल्यावर मी दादाला परसात गाठलं. तो वर्दी उतरवून घडी घालत होता, एकेक बाही जपून, जणू आत कुणीतरी झोपलंय. मी म्हटलं, दादा, नको घालूस.

“अर्धा तास,” तो म्हणाला. “घालतो, दोरी ओढतो, उतरवतो. संपलं.”

“आणि मी काय बोलू?”

“बाईंनी दिलंय ते.”

“ते खोटं आहे.”

“मग माझं काय खरं चाललंय दोन वर्षं?” एवढं बोलून तो हसायला गेला, ते जमलं नाही. “अण्णांचं तोंड बघितलंस ना? मला त्या वर्दीत कुणी पकडलं तरी चालंल, तेजू. पण अण्णांना सांगायचं माझ्यात धाडस नाही.”

सकाळी सहाला आईची हाक घरभर फिरली. वर्दी न्हाणीत होती. चादरींसाठी कालवून ठेवलेल्या निळीच्या टबात, बुडून तळाला गेलेली. बाहेर काढली तेव्हा तिच्यातून निळं पाणी गळत होतं आणि नावाची पट्टी एका बाजूनं सुटली होती. कशी गेली ते पुढं सांगते.

आई रडायला लागली, स्वतःलाच बोल लावू लागली, घड्या ठेवताना आपणच चादरींबरोबर उचलली असणार म्हणून. दादा टबाकडं बघत उभा राहिला. मग आत गेला आणि पांढरा शर्ट, काळी पँट घालून आला. कॉलेजला जाताना घालायचा तोच शर्ट असणार, कारण खिशाला हिरवा डाग होता.

मला वाटलं होतं, आता सुटका झाली. कसली सुटका. मैदानावर पोचताच अण्णांनी सरपंचांना सांगून टाकलं, वर्दीवर चहा सांडला, धुवायला टाकलीय, फौजी शेवटी फौजीच की. सरपंच म्हणाले, अगदी अगदी. साध्या शर्टातही जवान तो जवानच. म्हणजे वर्दी गेली तरी सापळा तसाच होता, फक्त त्याचा रंग बदलला होता.

आणि बाईंनी माझ्या हातात माईक दिला.

समोर अख्खं गाव. पहिल्या रांगेत निवृत्त फौजी, छातीवर पदकं. सुभेदार तात्या खांबाजवळ काठीसारखे. पारावरच्या म्हाताऱ्या. अण्णा, हात मागं बांधून, कधी नव्हे ते छाती काढून. आणि खांबाशी दोरी धरून दादा.

“आजचे आपले ध्वजारोहक,” मी म्हटलं. माझा आवाज भोंग्यातून फिरून माझ्याकडंच आला आणि तो इतका मोठा होता की मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोलतंय. “आजचे आपले ध्वजारोहक...”

मी दादाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

“माझे मोठे बंधू रणधीर मारुती फडतरे. हे भरती झाले होते. ट्रेनिंगमध्ये त्यांच्या पायाचं हाड तीनदा मोडलं म्हणून त्यांना परत पाठवलं. आता ते कराडला कॉलेजात शिकतात. दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांना सगळी गवतं ओळखता येतात.”

शेवटचं वाक्य का बोलले कुणास ठाऊक. सुचलं ते बोलले.

मागं कुठंतरी एक बाई ‘अगं बाई’ म्हणाली. एक खुर्ची सरकली. अण्णांचे मागं बांधलेले हात सुटले आणि दोन्ही बाजूंना नुसते लोंबत राहिले. कुणीतरी काहीतरी बोलणार, आता बोलणार, असं झालं, आणि त्याच क्षणी सुभेदार तात्यांचा आवाज फुटला.

“परेड, सावधान!”

फौजींचं गाव. पाय आपोआप जुळले. पहिल्या रांगेतले, पारावरचे, पोरंटोरं, सरपंच, सगळे ताठ. अण्णासुद्धा. सावधानमध्ये कुणाला बोलता येत नाही, वळून बघता येत नाही. दादानं दोरी ओढली. गाठ एका हिसक्यात सुटली, फुलं त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडली आणि राष्ट्रगीत सुरू झालं. अण्णांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

संध्याकाळी अण्णा नेहमीच्या वेळी डेअरीवर गेले. मी त्यांच्या मागं, लपून. किटल्या येत होत्या, अण्णा दूध मापत होते, आणि रोज बडबडणारी माणसं खोकत होती. तात्यांच्या घरी म्हैस नाही. तरी ते आले.

“मारुती,” ते म्हणाले, “काल मी पोराला कसम विचारली. खाली मान घालून सांगत होता. घेतलेला माणूस असा सांगत नाही. आज वर्दीत उभा राहिला असता तर मी भर मैदानात उतरवायला लावली असती. रात्रभर तेच डोक्यात होतं, तुझ्या पोराला कसा उतरवू.”

अण्णांनी माप खाली ठेवलं. “नाव मी घातलं होतं, तात्या. वेळेच्या आधी.”

“म्हाईत हाय,” तात्या म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी दादा निघाला. ट्रंक घेऊन एसटी थांब्यापर्यंत मीच गेले, कारण दुसरं कुणी आलं नाही. वेशीपाशी त्यानं बोर्डाकडं पाहिलं नाही. थांब्यावर मी कबूल केलं की वर्दी मी भिजवली होती, पहाटे पाचला उठून.

“कळलं होतं,” तो म्हणाला. “माईक धरलास तेव्हा तुझी बोटं निळी होती.”

मला वाटलं तो आता डोक्यावर टपली मारणार. त्यानं मारली नाही.

“अण्णांनी माझं नाव लिहिलं तेव्हा मला विचारलं नव्हतं,” तो म्हणाला. “तू पण नाही विचारलंस.”

गाडी आली. त्यानं ट्रंक स्वतःच वर चढवली. मी हात हलवला, त्यानं हलवला नाही. परत येताना सव्वीस जानेवारीच्या माझ्या सगळ्या शूरपणाची हवा गेलेली होती. तोपर्यंत मी स्वतःला दादाच्या बाजूची समजत होते.

तो पुढचे सात महिने आला नाही. त्या सात महिन्यांत अण्णा त्याचं नाव काढत नव्हते. पण उन्हाळ्यात रद्दीवाला आला तेव्हा आईनं डेअरीतली वर्तमानपत्रं बाहेर काढली, तर अण्णांनी ती परत आत नेऊन ठेवली. “ऱ्हाऊ देत,” म्हणाले, “लागत्यात त्याला.” गणपतीत दादा आला तेव्हा तो गठ्ठा सुतळीनं बांधून ओट्यावर ठेवलेला होता. दोघं त्याविषयी काही बोलले नाहीत. जाताना दादानं तो नेला. तेव्हा कुठं मला टपली मिळाली.

आता दादा एम.एस्सी. करतोय. बोर्डावरचं त्याचं नाव त्याच दिवाळीत लालानं हिरव्या रंगाखाली घातलं. ती जागा रिकामीच आहे, नंतर भरती झालेल्यांची नावं तिच्या खालून सुरू होतात.

गेल्या दिवाळीत लाला आला होता. मी बोर्डाजवळच होते, सायकलची चेन बसवत, पण शिडीवरून त्याला दिसत नव्हते. अण्णा खाली उभे होते.

“तुमची पोरगी एनसीसीत हाय म्हणं,” लाला म्हणाला. “लई बोलती, लई पळती. आता पोरी बी घेत्यात. ही जागा मोकळी हाय, ब्रश बी वला हाय. टाकू का?”

अण्णांनी मान वर करून त्या हिरव्या चौकोनाकडं बघितलं.

“थांब,” ते म्हणाले. “इचारून येतो.”

आणि खरंच आले, पार घरापर्यंत. मी सायकल दामटून आधीच पोचले होते आणि काहीच माहीत नसल्यासारखी शेंगा सोलत बसले होते. अण्णा उंबऱ्यात उभे राहिले, चपला न काढता.

“तेजे,” ते म्हणाले, “तुला काय व्हायचंय गं?”

मी शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

“अजून ठरलं नाही, अण्णा,” मी म्हटलं. “लालाला म्हणावं, जाऊ दे पुढच्या गावाला.”